पिकअपची बॉडी : सपाट की फाळक्यांची?

गाडी कोणत्या कंपनीची घ्यावी, डिझेलची घ्यावी की गॅसची, हप्ता किती बसेल, हे प्रश्न आमचे व्यापारी बांधव दहा जणांना विचारून घेतात. पण त्या गाडीच्या पाठीवर बॉडी कशी असावी हा प्रश्न बहुधा शेवटच्या दिवशी, बॉडीवाल्याच्या दारात उभे राहूनच सोडवला जातो. बॉडीवाला म्हणेल ते, किंवा शेजारच्याच्या गाडीला असेल तसे. वास्तविक माल बसतो तो बॉडीवर, इंजिनावर नव्हे. मोमिनपुरा, हंसापुरी, इतवारी, गांधीबाग, तिकडे कामठी आणि कळमना या भागांतील आमच्या वाचकांत फर्निचर, ग्रील-गेट, काच, दगड-फरशी, भंगार, बिछायत आणि फळे-भाजी यांचे धंदे करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हा लेख आहे. प्रश्न एकच घेतला आहे : लहान मालवाहू गाडीचे बाजूचे फाळके काढून नुसता सपाट हौदा ठेवावा का?

आधी शब्द ठरवून घेऊ, कारण या धंद्यात एकाच वस्तूला चार नावे आहेत. केबिनच्या मागचा माल ठेवण्याचा भाग तो हौदा. त्याच्या दोन बाजूंच्या आणि मागच्या, बिजागरीवर पडणाऱ्या भिंती म्हणजे फाळके. आपले हमाल आणि ड्रायव्हर त्याला डाला म्हणतात. केबिनच्या पाठीशी उभी असते ती जाळी किंवा चौकट. ज्या हौद्याला फाळके मुळीच नाहीत, फक्त फरशीसारखा तळ आणि पुढे जाळी आहे, तो सपाट हौदा. इंग्रजीत त्याला फ्लॅटबेड म्हणतात आणि आता आपल्याकडेही तोच शब्द कानावर येऊ लागला आहे.

शब्द नवा असला तरी वस्तू नवी नाही. इतवारीतील हातगाडी म्हणजे दुसरे काय आहे? चार फळ्या, दोन चाके, भिंत नाही, आणि माल दोराने आवळलेला. विदर्भातील शेतकऱ्याची बंडीही मुळात सपाटच. कापूस किंवा कुटार भरायचे झाले की तिला उभे दांडे लावून वर तट्ट्या बांधायच्या, काम झाले की काढून ठेवायच्या. मालाप्रमाणे भिंत लावावी आणि मालाप्रमाणे काढावी हे शहाणपण आपल्या बंडीवाल्याला मोटार येण्यापूर्वीच होते. पुढे याच मुद्द्याकडे आम्हाला परत यायचे आहे.

१९८६ साली टाटांची ४०७ आली आणि गावोगावच्या मालवाहतुकीचे रूप बदलले. २००५ साली टाटा एस आली, पाऊण टन वाहणारी, गल्लीबोळात शिरणारी. तिने तीनचाकी टेम्पोचा पुष्कळ धंदा घेतला. नंतर २०११ साली अशोक लेलँडची दोस्त, २०१६ साली मारुतीची सुपर कॅरी अशी रांग लागली, आणि महिंद्राची बोलेरो पिकअप तर आज ग्रामीण विदर्भात सर्वत्र दिसते. या सगळ्या गाड्यांची एक गोष्ट सारखी आहे. त्यांच्या हौद्याचा तळ चाकांच्या वर सपाट असतो आणि तिन्ही फाळके खाली पडतात.

हे सांगण्याचे कारण असे की सपाट हौद्याची जी स्तुती अमेरिकेहून ऐकू येते, ती तिथल्या गाड्यांच्या संदर्भात आहे. अमेरिकेतील पिकअपचा कारखान्यातून येणारा हौदा एखाद्या टबासारखा असतो. बाजू पक्क्या, पडणाऱ्या नाहीत. आत दोन्हीकडे चाकांचे कुबड वर आलेले. माल चढवायचा तो फक्त मागून. तिथला शेतकरी किंवा वेल्डर कंटाळून तो टब काढतो आणि सपाट हौदा बसवतो तेव्हा त्याला खरोखर नवी जागा मिळते. ऑस्ट्रेलियात लोक टबाऐवजी पडणाऱ्या बाजूंचा ट्रे पसंत करतात. जपानमधील छोट्या ट्रकांना सपाट तळ आणि तीन पडते फाळके असतात, आणि आपल्या छोट्या गाड्या त्याच घडणीच्या आहेत. म्हणजे अमेरिकन माणूस पैसे खर्चून जे मिळवतो, त्यातील बहुतेक आपल्याला शोरूममधूनच मिळालेले आहे. फाळके पाडले की आपली गाडी सपाटच आहे. मग ते कायमचे कापून टाकण्याने अधिक काय मिळते, एवढाच प्रश्न उरतो.

मिळते, पण थोड्यांना.

ग्रॅनाइट आणि संगमरवर विकणारे पाहा. त्यांचा माल उभ्या घोडीला टेकवून नेला जातो. घोडी तळाला पक्की बसवलेली, लाद्या दोन्ही अंगांनी टेकवलेल्या. इथे फाळका नुसता अडचणीचा. लादी उचलणारा माणूस फाळक्यावरून वाकला की एक तर लादी फुटते नाहीतर कंबर धरते. काचेचेही तसेच. जनरेटर, लोखंडी कपाटे, मशीनची बैठक, पाण्याच्या मोठ्या टाक्या अशा अंगाने मोठ्या आणि एकसंध वस्तू नेणाऱ्यांना सपाट हौदा सोयीचा पडतो. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे रोजचे येणेजाणे आहे आणि जिथे फोर्कलिफ्टने बाजूने माल चढतो, त्यांनाही. फाळका चुकून वर राहिला आणि फोर्कलिफ्टचा दात त्यात घुसला की बिजागरीसह सगळे वाकते, हे त्यांना सांगायला नको. ग्रील-गेट बनवणाऱ्या कारागिरांचा माल टोकदार असतो. फाळक्याचा रंग आणि पत्रा दोन्ही तो सोलून काढतो.

आणखी एक खरा फायदा म्हणजे माल उतरवण्याचा क्रम. नागपुरातून निघून कळमेश्वर, सावनेर, काटोल अशा तीन ठिकाणी माल टाकायचा असेल तर मागून भरलेल्या बंद गाडीत जो शेवटी भरला तोच आधी निघतो. बाजूने उघडणाऱ्या हौद्यात ही अडचण नाही. पण लक्षात घ्या, पडत्या फाळक्यांतही ती नाही.

आता ज्या दोन समजुतींवर बहुतेक लोक सपाट हौदा करून घेतात त्यांच्याकडे वळू, कारण नुकसान तिथेच होते.

पहिली समजूत : सपाट केले की लांब माल नेता येईल. पाइप, अँगल आणि चौकोनी नळ्या बाजारात साधारण २० फुटी येतात. बांधकामाची सळई १२ मीटरची, म्हणजे जवळजवळ ४० फुटी, आणि मधून वाकवली तरी २० फूट राहते. टाटा एसचा हौदा सुमारे ७ फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद. बोलेरो पिकअपचा साडेआठपासून दहा फुटांपर्यंत, मॉडेलप्रमाणे. फाळके कापल्याने यात एक इंचही वाढत नाही. २० फुटी नळी ७ फुटी हौद्यावर घातली तर १३ फूट कुठेतरी बाहेर येणारच, पुढे केबिनवरून किंवा मागे रस्त्यावर.

पूर्वी मोटार वाहन नियमांत सुमारे एक मीटर माल मागे बाहेर काढण्याची मुभा होती. अशा बाहेर आलेल्या सळयांवर मागून मोटारसायकली आणि मोटारी आदळून माणसे मेली, सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, आणि २०१४ साली ती मुभा काढून टाकण्यात आली. सळईच्या टोकाला लाल फडके बांधले की काम झाले, असे अजूनही अनेकजण समजतात. ते फडके आता कायद्यात उपयोगी पडत नाही आणि रात्री वर्धा रोडवर मागून येणाऱ्या मुलालाही दिसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये स्वतंत्र तरतूद आली : माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तर २० हजार रुपये दंड, आणि तो माल तिथेच उतरवण्याचा खर्च वेगळा. लांब मालासाठी उपाय दोनच आहेत. गिऱ्हाइकाला हवा तो तुकडा दुकानातच कापून घ्यावा, किंवा त्या फेरीपुरती लांब हौद्याची मोठी गाडी भाड्याने करावी. महिन्यातून चार वेळा मोठी गाडी भाड्याने करणे एका दंडापेक्षा स्वस्त पडते आणि एका जिवापेक्षा तर किती तरी.

दुसरी समजूत : सपाट केले की रुंद माल नेता येईल. वर सांगितलेली तरतूद बाजूलाही लागू आहे. हौद्याच्या कडेबाहेर माल गेला की तो गुन्हाच. फाळका नसल्यामुळे आतील रुंदी दोन्हीकडून इंच-दीड इंच वाढते, बस. प्लायवूडचे पान ८ फूट बाय ४ फूट असते. रुंदीला ते टाटा एसमध्येही फाळक्यांसह आडवे मावते. अडचण लांबीची आहे, एक फूट मागे राहतो. पिकअपमध्ये पान पूर्ण बसते. तेव्हा प्लायवूड आणि सनमायका विकणाऱ्यांनी फाळके कापण्यापेक्षा लांब हौद्याची गाडी निवडावी.

एक सूचना इथेच करून टाकतो. मागचा फाळका खाली लोंबकळत ठेवून गाडी चालवणे ही आपल्याकडे सर्रास दिसणारी गोष्ट आहे. त्याने नंबरप्लेट झाकली जाते, पुष्कळ गाड्यांत मागचे दिवेही झाकले जातात. बाजूचे फाळके लोंबत ठेवले तर रस्त्यावर हलतात आणि गल्लीत कोणाच्या गुडघ्याला लागतात. फाळका एक तर वर असावा, नाहीतर बिजागरीची खीळ काढून पूर्ण उतरवून दुकानात ठेवावा. ज्या गाड्यांत खीळ काढता येते त्यांत हे दहा मिनिटांचे काम आहे.

आता बांधणीविषयी. हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि तो ड्रायव्हर मुलांना वाचून दाखवावा अशी आमची विनंती आहे.

फाळका असतो तेव्हा दोराची चूक फाळका सांभाळून घेतो. पोते सरकले, फाळक्याला टेकले, थांबले. सपाट हौद्यावर असे सांभाळणारे कोणी नाही. ब्रेक लागतो तेव्हा गाडी थांबते, माल थांबत नाही. तो पुढे जात राहतो. युरोपातील मालवाहतुकीच्या नियमांत हिशोब असा धरतात की बांधणीने पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या किमान आठ दशांश आणि बाजूला किमान निम्मे इतका जोर सहन केला पाहिजे. ७०० किलोची मशीन असेल तर पुढे ५६० किलोचा आणि वळणावर बाजूला ३५० किलोचा धक्का धरायचा. आपला एकेरी प्लास्टिकचा दोर, तोही उन्हाने कडक झालेला, याला पुरत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, केबिनमागची जाळी. सपाट हौदा करताना ती हलक्या नळ्यांची करणे म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीशी खेळणे आहे. ती हौद्याच्या चौकटीला बोल्टांनी पक्की असावी, नुसती वेल्डिंगच्या टिपक्यांवर उभी नसावी. आणि माल तिला चिकटून लावावा. मधे दोन फूट मोकळे सोडले तर माल तेवढा धावून येतो आणि मग कोणतीही जाळी कमी पडते.

दुसरी गोष्ट, वजन कुठे ठेवायचे. जड वस्तू मागच्या आसाच्या थोडी पुढे यावी. आसाच्या मागे गेली की गाडीचे तोंड हलके होते, स्टिअरिंग पोकळ लागते, चढावर पुढची चाके पकड सोडतात. फाळके नसले की माल मागे सरकवून जागा करण्याचा मोह होतो, तो आवरावा.

तिसरी गोष्ट, तळ. रंगवलेल्या लोखंडी पत्र्यावर लोखंडी वस्तू ठेवली आणि वर पावसाचे थेंब पडले की ती साबणासारखी सरकते. खाली रबर घालावे. जुन्या ट्यूबचे तुकडे, किंवा कोळसा खाणीतून निघणाऱ्या जुन्या पट्ट्याचे तुकडे, फक्त वस्तूच्या पायाखाली. सगळ्या हौद्यात पसरण्याची गरज नाही.

चौथी गोष्ट, दोर कशाला बांधता. सपाट हौद्याला कडेने दर दीड-दोन फुटांवर आकडे किंवा कड्या हव्यात, आणि त्या चौकटीच्या लोखंडाला जोडलेल्या, पत्र्याला नव्हे. जड मालाला खटक्याच्या पट्ट्या वापराव्यात, ज्यांना बाजारात रॅचेट बेल्ट म्हणतात. त्या धारदार कडेवरून जात असतील तर मधे जाड रबर किंवा दुमडलेला गोणपाट द्यावा. आणि निघाल्यानंतर तीन-चार किलोमीटरवर एकदा थांबून पुन्हा आवळाव्यात. माल हिंदकळून बसतो आणि जी पट्टी दुकानात घट्ट होती ती तोवर ढिली झालेली असते. ही गोष्ट जुन्या ट्रकवाल्यांना ठाऊक असते, नव्या पिकअपवाल्या पोरांना बहुधा कोणी सांगत नाही.

आणि माणसे. मजूर मालावर बसवून नेणे फाळक्याच्या गाडीतही चुकीचे आहे; सपाट हौद्यावर तर धरायलाच काही नाही. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या माणसाच्या नुकसानभरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांची गोष्ट कायद्याने वेगळी ठेवली आहे, पण त्यानेही केबिनमध्येच बसावे. अपघात झाला तर घर विकून भरपाई देण्याची वेळ गाडीमालकावर येते.

सपाट हौद्याचे उरलेले तोटे थोडक्यात आटपता येतील. पाऊस : जून ते सप्टेंबर ताडपत्रीशिवाय काही नेता येत नाही, आणि फाळका नसला की ताडपत्रीची कड वाऱ्याने उचलते. चोरी : सिग्नलला गाडी उभी राहिली की खोके उचलायला फाळक्यात हात घालावा लागत नाही. सुटा माल : विटा, रेती, भंगार, कोळसा, सुटी संत्री, यांचे नाव काढायला नको. या शेवटच्या बाबीचा अर्थ मात्र नीट लक्षात घ्यावा. संत्र्याच्या हंगामात काटोल, वरूड, नरखेडकडून कळमन्यात माल येतो तेव्हा छोट्या गाड्यांना मागणी असते. लग्नसराईत बिछायतवाल्यांची भांडी, गाद्या, खुर्च्या हिंडत असतात. मिरचीची आणि कापसाची पोती वजनाला हलकी पण आकाराला मोठी. त्यांना उंच बाजू लागतात. ज्याने फाळके कापले त्याने या सगळ्या हंगामांचे भाडे स्वतःहून सोडले. आपल्याच दुकानाचा माल वाहणाऱ्याला त्याचे काही नाही. पण जो दिवसा आपला माल आणि उरलेल्या वेळात भाडे मारून हप्ता भरतो, त्याने हप्त्याचाच आधार कापला.

बकरी ईदच्या आधी अनेक बांधव याच गाड्यांतून बकरे आणतात म्हणून त्याबद्दलही लिहिणे भाग आहे. सपाट हौदा तर या कामाला चालतच नाही, पण नुसते फाळके असूनही भागत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ साली घातलेल्या आणि १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या नियम १२५-ई प्रमाणे जनावरे नेणाऱ्या गाडीत पक्के कप्पे हवेत, आणि शेळी-मेंढीला प्रत्येकी ०.३ चौरस मीटर जागा. टाटा एसच्या हौद्याचे क्षेत्रफळ ३ चौरस मीटरच्या थोडे वर येते, म्हणजे दहा जनावरे. त्याहून अधिक नाहीत. अशा गाडीला आरटीओचा वेगळा परवाना लागतो आणि त्या गाडीतून दुसरा माल नेता येत नाही. तेव्हा वर्षातून एकदा लागणाऱ्या या कामासाठी आपल्या गाडीत फेरफार करण्यापेक्षा जनावरांसाठीच नोंदवलेली गाडी भाड्याने करणे बरे. वाटेत गाडी अडली की जनावरांचे हाल आणि माणसांचा मनस्ताप, दोन्ही होतात.

वजनाचा हिशोब लोक उलटा मांडतात, तोही पाहू. फाळके काढले की गाडी हलकी होते आणि तेवढा माल जास्त बसतो, असे बॉडीवाले सांगतात. टाटा एसच्या मापाच्या हौद्याला एक फूट उंचीचे तीन फाळके धरा. दीड मिलीमीटर पत्र्याचे वजन सुमारे २० किलो येते, चौकट आणि बिजागऱ्या धरून ३५-४० किलो समजा. एवढे वाचले. पण सपाट हौदा करताना 'मजबुतीसाठी' म्हणून वरून तीन मिलीमीटरचा खडबडीत चेकर पत्रा जवळजवळ नेहमी घातला जातो. पोलाद एका चौरस मीटरला दर मिलीमीटर जाडीमागे ७.८५ किलो भरते. तीन मिलीमीटरचा, तीन चौरस मीटरचा पत्रा ७० किलोच्या वर गेला. कडेला आकडे, जाड जाळी, घोडी हे धरले तर शंभर किलो सहज. गाडीचे एकूण वजन कागदावर ठरलेले असते. बॉडीत घातलेला प्रत्येक किलो मालातून वजा होतो. ७५० किलो नेणारी गाडी अशा रीतीने ७०० च्या खाली येते, आणि मालक मात्र समजतो की आपण गाडी मजबूत केली. ग्रॅनाइटच्या १८ मिलीमीटर लादीचे वजन एका चौरस फुटाला साडेचार किलोच्या आसपास असते. ७५० किलोत साधारण १६५ चौरस फूट बसते, ७०० किलोत १५५. फेरीमागे दहा फूट लादी घरी राहिली. जादा भरली तर कलम १९४ प्रमाणे २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. बॉडी होऊन गाडी बाहेर पडली की पहिले काम म्हणून तिला रिकामी धर्मकाट्यावर चढवावी आणि पावती कागदांत ठेवावी.

कागदांविषयी आमच्या बांधवांत फार ढिलाई आहे, म्हणून चार वाक्ये. नोंदणी पुस्तकात बॉडीचा प्रकार लिहिलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे त्या नोंदीशी न जुळणारा फेरफार करता येत नाही. २०१९ पासून बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला कलम १८२-अ खाली प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दंडापेक्षाही भीती विम्याची. अपघातानंतर सर्व्हेअर आला आणि पुस्तकातली बॉडी व रस्त्यावरची बॉडी वेगळी निघाली की दावा अडकतो. म्हणून फाळके गॅसकटरने कापून आणणे हा मार्गच नव्हे. सपाट हौदाच हवा असेल तर नवी गाडी घेताना केबिन आणि चासी एवढीच घ्यावी, मान्यताप्राप्त बॉडीवाल्याकडून हौदा करून घ्यावा आणि तशीच नोंद आपल्या आरटीओकडे करावी, मग ती एमएच-३१ असो, ४० असो वा ४९. जुनी गाडी असेल तर काम करण्यापूर्वी आरटीओची परवानगी, नंतर नाही. बिजागरीची खीळ काढून फाळका उतरवणे आणि पुन्हा लावणे यात मात्र गाडी कापावी लागत नाही. ती आहे तशीच राहते.

दोन सवलती सांगण्यासारख्या आहेत. एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. छोट्या गाड्या यात येतात. आणि हलक्या वाहनाचे लायसन असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाची मालगाडी चालवण्यास वेगळ्या शिक्क्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

मग करावे काय? आमचे मत असे आहे की आमच्या दहा वाचकांपैकी आठ-नऊ जणांना कंपनीचे पडते फाळकेच पुरेसे आहेत, आणि बॉडीवाल्याला द्यायचे पैसे चांगल्या खटक्याच्या पट्ट्या, ताडपत्री आणि मागच्या टायरांवर खर्च करावेत. दगड, काच, कपाटे, मशीन एवढाच ज्यांचा माल आहे आणि जे भाडे मारत नाहीत, त्यांनी नव्या गाडीवर सपाट हौदा जरूर करून घ्यावा. मधल्यांसाठी बंडीवाल्याची युक्ती आहे : नवी बॉडी करतानाच तळ सपाट, कडेने चौकटीत खाचा, आणि त्या खाचांत उभे दांडे व त्यांत सरकणाऱ्या फळ्या. गुरुवारी लोखंडी कपाट, शुक्रवारी पोती. ही बॉडी थोडी महाग पडते आणि दांडे हरवतात, हा तिचा एक दोष. प्रत्येक दांड्यावर गाडीचा नंबर रंगवावा.

कोणत्या गटात आपण बसतो हे अंदाजाने ठरवू नये. भाड्याची वही काढावी. वही नसेल तर आजपासून तीन महिने लिहावी : तारीख, माल, कुठून कुठे, मिळालेले भाडे, आणि शेवटी एकच शब्द, फाळका लागला की नाही. समजा तीन महिन्यांत ९० फेऱ्या झाल्या आणि ७० फेऱ्यांत फाळका अडचणीचा ठरला, तर सपाट हौद्याचा विचार करावा. ९० पैकी २० मध्येच अडचण झाली असेल तर त्या २० दिवशी खीळ काढून फाळके दुकानात ठेवावेत. फक्त खीळ काढताना तिला तेल द्यावे; नागपूरच्या एका पावसाळ्यात ती अशी गंजते की पुढच्या वेळी हातोड्याशिवाय निघत नाही.